बटणवालीची नोंद

सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात सहा बटणं वेगळी निघाली. बाकीची प्लॅस्टिकची, काही शिंपल्याची, एक-दोन पितळी. ही सहा मात्र दोऱ्याची होती. तारेची बारीक कडी, तिच्यावर दोरा घट्ट गुंडाळलेला आणि आत बैलगाडीच्या चाकाला असाव्यात तशा आऱ्या. "माझ्या आजीच्या आजीनं केलेली," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या खापरपणजीनं. तिचं नाव काय? ठाऊक नाही. गाव? ब्लँडफर्डच्या आसपास कुठंतरी. बस्स, एवढंच.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेट काउंटीत लग्न होऊन आले, त्याला आता चोवीस वर्षं झाली. माहेर सातारा जिल्ह्यातलं. आबा तलाठी होते. सातबाराचे उतारे, फेरफाराची रजिस्टरं आणि ओट्यावर टेकून "भाऊसाहेब, आमची वारसनोंद तेवढी लावून द्या" म्हणणारी माणसं, यांच्यातच माझं लहानपण गेलं. आबांचं एक पालुपद होतं: कागदात काय लिहिलंय ते मागाहून बघ, तो कुणी लिहिला आणि कशासाठी लिहिला, ते आधी बघ. सासूबाई आता पंचाऐंशीच्या आहेत. त्या आहेत तोवर त्यांची खापरपणजी शोधून द्यायची असं मी ठरवलं, तेव्हा हे वाक्य एवढं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. उलट पहिले चार महिने मी ते विसरलेच.

नावं छापायची नाहीत अशी सासूबाईंची अट आहे. म्हणून तिला मी इथं बटणवालीच म्हणते.

वंशशोधाचा पहिला नियम म्हणजे जिवंत माणसापासून मागं जायचं. एखादा नामवंत पूर्वज धरून खाली उतरू नये. सासूबाईंचा जन्मदाखला काढला. त्यावर आईचं लग्नाआधीचं आडनाव असतं. त्यावरून आईवडिलांच्या लग्नाची नोंद, लग्नाच्या दाखल्यावर नवरीच्या बापाचं नाव, त्यावरून नवरीचा जन्म. जन्म, लग्न, पुन्हा जन्म, अशी एकेक पायरी उतरायची. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली आणि जुन्या सूच्या वर्षातून चार तिमाह्यांनी लावलेल्या आहेत. डिसेंबरात जन्मलेलं मूल सूचीत पुढच्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत सापडू शकतं, कारण नोंदवायला सहा आठवड्यांची मुदत असते. हे कळेपर्यंत सासूबाईंची आजी मला जन्मलेलीच दिसत नव्हती.

आमची वाट बाईकडून बाईकडे जाणारी होती, त्यामुळे दर पिढीला आडनाव बदलत होतं. त्यात लग्नाच्या दाखल्यावर नवरा आणि नवरी दोघांच्याही बापाचं नाव आणि धंदा असतो, आईचं नाव नसतं. आईचं नाव लिहायला रकाना आला ४ मे २०२१ पासून. मला आधी वाटलं, मी चुकीचं वाचतेय. जिनं जन्म दिला तिला मुलीच्या लग्नाच्या कागदावर जागा नाही, ही रीत एकशे त्र्याऐंशी वर्षं चालली. सातबाऱ्यावर मुलींची नावं लावून घेताना किती भांडणं होतात ते मी ओट्यावर बसून ऐकलेलं आहे. तेव्हा नाक मुरडायचा हक्क मला फारसा नाही.

जन्म-लग्नाच्या साखळीला आधार असतो जनगणनेचा. १८०१ पासून दर दहा वर्षांनी इथं माणसं मोजली गेली, पण घरोघरच्या माणसांची नावं देशभर टिपली गेली ती १८४१ पासून. शंभर वर्षं झाल्याशिवाय त्या वह्या उघडत नाहीत. १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत उघडली. पुढची १९३१ ची कधीच उघडणार नाही, कारण ती १९४२ च्या डिसेंबरात आगीत जळून गेली. युद्ध चालू होतं, पण ती बॉम्बची आग नव्हती. १९४१ ची तर घेतलीच गेली नाही. वंशशोधकांना इथं अशा आगी पाठ असतात. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची दप्तरं १९४० च्या सप्टेंबरात लंडनवरच्या हल्ल्यात जळाली, निम्म्याहून जास्त गेली. उरलेल्यांना 'जळके कागद' असंच म्हणतात. शेजारच्या डेव्हन काउंटीची जुनी मृत्युपत्रं १९४२ च्या मे महिन्यात एक्झेटर शहरात खाक झाली. आमच्या सुदैवानं डॉर्सेटचे मजूर मृत्युपत्र करण्याइतके सधन नव्हते.

१९११ च्या तक्त्यानं मला पहिल्यांदा थांबवलं. त्या वर्षी घरच्या कर्त्यानं स्वतःच्या हातानं भरलेला तक्ता जपून ठेवला गेला. त्यात लग्न झालेल्या बाईला विचारलं होतं: या लग्नापासून जिवंत जन्मलेली मुलं किती, त्यातली हयात किती, मेलेली किती. बटणवालीची मुलगी, म्हणजे सासूबाईंची पणजी, तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. नवऱ्यानं वळणदार अक्षरात लिहिलंय: नऊ, सहा, तीन. तीनचा आकडा आधी दोन होता. तो खोडून तीन केलेला आहे. कुणीतरी शेजारून आठवण करून दिली असणार.

तिथून दहा-दहा वर्षं मागं जाताना बटणवाली म्हातारीची तरुण होत गेली. १९०१ ला विधवा, लेकीच्या घरी. १८८१ ला शेतमजुराची बायको. १८७१ ला लोकांचे कपडे धुणारी. १८६१ ला धंद्याचा रकाना रिकामा. आणि १८५१ च्या ३० मार्चच्या रात्री, वय चोवीस, धंदा: बटणं करणारी.

हे बटणांचं प्रकरण डॉर्सेटचं स्वतःचं. अब्राहम केस नावाच्या माणसानं १६२२ मध्ये शाफ्ट्सबरीला हा धंदा सुरू केला असं इथं सांगतात. आधी मेंढीच्या शिंगाच्या चकतीवर आणि पुढं तारेच्या कडीवर दोरा विणून बटण करायचं. धंद्याचं बोलीतलं नाव 'बटनी'. हाय टॉप, नॉब, ब्लँडफर्ड कार्टव्हील अशी प्रकारांना नावं. सासूबाईंच्या डब्यातली सहाही चाकाच्या घडणीची. ही कामं घरात, चुलीपाशी, बाया आणि पोरं करत. आपल्याकडं निपाणी, सोलापूरला विड्या वळल्या जातात तसंच. तयार माल दलालाकडे द्यायचा आणि पुढच्या कामाची तार-दोरा घेऊन यायचा. खालमानेनं करायचं हे काम, पण शेतातल्या दगडवेचणीपेक्षा बरं, आणि पावसात भिजायला नको. मग १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात बटणं करणारं यंत्र मांडलं गेलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॉर्सेटमधल्या हजारो बायकांची बोटं रिकामी झाली. कित्येक कुटुंबं ऑस्ट्रेलिया-कॅनडाला निघून गेली. १८६१ चा तो रिकामा रकाना मी आधी मोजणी करणाऱ्याचा आळस समजले होते.

आता माझ्या चुकीकडं येते.

मुलीच्या १८५३ च्या जन्मदाखल्यावरून बटणवालीचं माहेरचं आडनाव मिळालं होतं, सूचीवरून १८४९ चं लग्नही. दाखल्याची नक्कल मागवायला पैसे पडतात. सूचीत नाव आहे, जिल्हा आहे, आणखी काय हवं, म्हणून मी ती मागवली नाही. थेट बाप्तिस्म्याकडे गेले. १८३७ च्या मागं गेलं की सरकार संपतं आणि चर्च सुरू होतं. शेजारच्या गावात त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या मुलीचा १८२५ चा बाप्तिस्मा सापडला. १८५१ च्या जनगणनेत जन्मगाव म्हणून तेच गाव होतं. वयात दोन वर्षांचा फरक पडत होता, पण जनगणनेतल्या बायकांच्या वयावर कोण विश्वास ठेवतो! १८८१ मध्ये जन्मगाव वेगळंच लिहिलेलं, त्याकडं मी काणाडोळा केला. शिवाय त्या मुलीच्या बापाचा वंशवृक्ष कुणीतरी आधीच रचून ठेवलेला होता आणि तो पार सतराव्या शतकापर्यंत, एका जमीनदार घराण्यापर्यंत जात होता.

चार महिने मी त्या झाडावर चढले. त्यात शिकले खूप, ते खोटं नाही. इंग्लंडमध्ये गावोगावच्या चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवावं हा हुकूम १५३८ चा, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा. लोकांना तेव्हा वाटलं, हा नव्या कराचा डाव आहे. पहिल्या वह्या कागदी होत्या. १५९८ च्या सुमारास त्या चर्मपत्रावर उतरवून काढायला लावल्या आणि दर वर्षीची नक्कल बिशपकडे पाठवायची सक्ती झाली. मूळ वही उंदरांनी खाल्ली असली तर बिशपची नक्कल कामी येते. अक्षर मात्र आपल्या मोडीसारखंच, लिहिणाऱ्याच्या घाईवर अवलंबून. जॉन आणि जेम्स यांची लघुरूपं पाहिलीत तर दोन्ही सारखीच दिसतात. पेशवे दप्तरात रुमाल सोडून बसणारे लोक मोडीतला एकेक काना कसा जोखत असतील, ते मला डॉर्सेटमध्ये येऊन कळलं. हल्ली आपल्याकडं दाखल्यांसाठी जुन्या नोंदी धुंडाळणाऱ्यांनाही ही डोळेफोड सांगायला नको.

एका ठिकाणी तर मी लाजले. लग्न १७१२ च्या एप्रिलात आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा १७१२ च्या फेब्रुवारीत! सासूबाईंना कसं सांगावं याचा दोन दिवस विचार केला. मग उलगडलं की तेव्हा इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १७१२ चा फेब्रुवारी हा १७१२ च्या एप्रिलानंतर यायचा. गुढीपाडव्याला वर्ष बदलणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला हे आधीच सुचायला हवं होतं. १ जानेवारीचं नवीन वर्ष इथं कायद्यानं आलं ते १७५२ मध्ये, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला.

त्या दिवसांत नवरा मला चिडवायचा. आम्ही राहतो तो थॉमस हार्डीचा मुलूख. त्याची 'टेस' ही १८९१ ची कादंबरी सुरू होते तीच मुळी वंशावळीवरून: जुन्या कागदांचा नादी एक पाद्री वाटेत भेटलेल्या एका गरीब फेरीवाल्याला सांगतो, की तू तर जुन्या सरदार घराण्यातला. त्या एका बातमीनं घराचं वाटोळं होतं. ज्या टर्बरव्हिल घराण्यावरून हार्डीनं नाव घेतलं, त्यांच्या कबरी बियर रेजिस गावच्या चर्चमध्ये आहेत. नवरा म्हणाला, चल, तुझ्या सासूच्या सरदारांना भेटून येऊ.

जायच्या आठवड्यात, केवळ फाइल पुरी असावी म्हणून, मी तो लग्नाचा दाखला मागवला. वर आणि वधू, दोघांच्याही सहीच्या जागी फुली. वराच्या बापाचं नाव आहे, धंदा शेतमजूर. वधूच्या बापाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

रेघ म्हणजे बाप मेला असं नव्हे. मेलेल्या बापाचंही नाव लिहितात. रेघ म्हणजे सांगायला बाप नाही. मी त्या शेजारच्या गावच्या दफनाच्या वहीकडे परत गेले आणि चार पानांत उत्तर मिळालं. १८२५ ला बाप्तिस्मा झालेली ती पोर १८२९ मध्ये, चार वर्षांची असताना पुरलेली. मी एका मेलेल्या पोरीचं लग्न लावून दिलं होतं आणि तिच्या बापजाद्यांवर मिरवत होते. बाप्तिस्मा सापडला की त्याच नावाचं दफन आधी शोधायचं, ही इथल्या अनुभवी शोधकांची सवय मला तेव्हा लागली. आबा असते तर रजिस्टर माझ्या डोक्यात घातलं असतं.

मध्येच एक गोष्ट सांगते. पुण्याच्या माझ्या एका मैत्रिणीच्या आजीचे वडील रेल्वेतले इंग्रज. तिनं विचारलं, आमचा माणूस शोधायला इंग्लंडला यावं लागेल का? मुंबई इलाख्यातल्या चर्चांमध्ये झालेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नकला पाद्री लंडनला धाडत. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि बऱ्याचशा आता घरबसल्या पाहता येतात. पुणे, देवळाली, भुसावळकडच्या अशा घरांना डॉर्सेटच्या मजुरांपेक्षा कागद जास्त मिळतात, कारण साहेब परमुलखात मेला की त्याची नोंद नीट ठेवली जायची.

बटणवालीचा खरा बाप्तिस्मा १८८१ च्या जनगणनेत लिहिलेल्या गावातच निघाला, १८२७ चा. १८१३ पासून बाप्तिस्म्याला छापील तक्ते आले होते: मुलाचं नाव, आईबापांचं नाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. तिच्या ओळीत बाप नाही. धंद्याच्या जागी पाद्रीबुवांनी आईविषयी लिहिलंय: अविवाहित स्त्री.

१८४१ च्या जनगणनेत मात्र ती मला का सापडत नव्हती, तेही आता कळलं. आईनं पुढं एका शेतमजुराशी लग्न केलं होतं आणि मोजणाऱ्यानं पोरीलाही त्याचंच आडनाव चिकटवलं. त्या वर्षी कोण कुणाचं कोण हे लिहायची रीत नव्हती. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुधा खालच्या पाचावर आणून लिहायची, आणि शेतमजूर एवढे की मोजणारे दमून 'ॲग लॅब' एवढंच खरडायचे. आबा मौजेचं 'मौ.' करायचे, तसं. पण त्या दोन अक्षरांमागं काय होतं? याच भागातल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी, आठवड्याची मजुरी सात शिलिंगांवर आली आणि सहावर येणार म्हणून संघटना बांधली, तर त्यांना १८३४ मध्ये सात वर्षांच्या काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियाला धाडलं. दोन वर्षांत माफी द्यावी लागली ती देशभर ओरड झाल्यावर.

बिनबापाच्या मुलाचा बाप कुठं सापडतो, तर हिशेबात. गरिबांना पोसायची जबाबदारी तेव्हा प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावावर असायची आणि त्यासाठी गावातल्या घरदारवाल्यांवर कर बसे. त्यामुळं लग्न न झालेली गर्भार पोर ही गावाला खर्चाची बाब वाटे. तिला दोन मॅजिस्ट्रेटांपुढं शपथेवर विचारत, बाप कोण? मग त्याच्याकडून वसुली.

आमचा कागद डॉर्चेस्टरला, डॉर्सेट हिस्टरी सेंटरमध्ये आहे. तिथं पेन आत नेता येत नाही, पेन्सिलच. कागद फोमच्या उशीवर ठेवतात आणि तो उघडा राहावा म्हणून वर कापडात शिवलेली वजनांची माळ. खोक्याला पांढरी सुती नाडी. आमच्या कचेरीतला लाल रुमाल आठवला. कागदावर आईची साक्ष: शेजारच्या गावचा एक सुतार, त्याचं नाव, मूल गावाच्या अंगावर पडण्याची शक्यता असल्याबद्दल ठरीव मजकूर, आणि खाली तिची फुली. फुलीच्या एका रेघेचं टोक कागदाबाहेर जाता जाता थांबलं आहे. सुतारानं आठवड्याला दीड शिलिंग द्यायचा.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून हार्डीचा दाखलाही तयार ठेवला होता: त्याच्या आईबापांचं लग्न २२ डिसेंबर १८३९ ला आणि त्याचा जन्म २ जून १८४० ला, म्हणजे नामवंतांच्या घरीही घाई झालेलीच. पण त्यांनी मला मध्येच तोडलं.

"तो पैसे देत होता का?"

देत होता. गावच्या हिशेबवहीत त्याच्या नावचे दीड-दीड शिलिंग दिसतात. कधी तीन आठवड्यांचे एकदम. १८३५ मध्ये मात्र ओळी थांबतात. तो मेला नव्हता, पळालाही नव्हता. १८३४ च्या नव्या कायद्यानं अशा मुलांचा भार आईवरच टाकला आणि गावांचे हिशेब मोठ्या संघांकडे गेले. ती वहीच तिथं संपते.

"तेव्हा ती केवढी होती?"

"आठ वर्षांची."

सासूबाईंनी डबा उघडून एक बटण तळहातावर घेतलं. "मग तेव्हाच तिनं बटणं करायला घेतली," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, लहान पोरी हे काम करायच्या हे खरं, पण तिच्याबद्दल तसा कागद नाही. पहिला उल्लेख १८५१ चा. मी तलाठ्याची मुलगी आहे. वहीत लिहिलं: आठव्या वर्षापासून बटणं. आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

सासूबाईंनी चष्मा लावला, वही ओढून घेतली, माझीच पेन्सिल उलटी धरली आणि तिच्या मागच्या रबरानं प्रश्नचिन्ह पुसून टाकलं.